टेबलाने प्यायलेलं औषध

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज कळलं, मी लोखंडी आहे.

नवऱ्याच्या लिफ्ट कंपनीने दिलेली ही डायरी महिनाभर नुसती पडून होती. म्हटलं चला, लिहिण्यासारखं काहीतरी झालं एकदाचं.

झालं असं. थॅलेसेमियामुळे माझ्या अंगात रक्त नीट बनत नाही, म्हणून दर थोड्या आठवड्यांनी बाहेरचं चढवावं लागतं. हे जुनंच. लहानपणापासून जो भेटेल तो म्हणायचा, "किती गं फिकुटलेली! लोह खात जा." आणि आज डॉक्टरीणबाई रिपोर्ट पुढे ठेवून म्हणतात, लोह फार झालंय! चढवलेल्या प्रत्येक पिशवीबरोबर थोडं थोडं येत गेलं आणि शरीराला ते बाहेर टाकायची सोयच नाही. यकृतात साचलंय. असंच चाललं तर पुढे हृदयालाही धोका.

"पण औषध आहे," त्या म्हणाल्या. "रोज घ्यायचं, चुकवायचं नाही. ते लोहाला धरून बाहेर नेतं. सुरू करण्याआधी मूत्रपिंड, यकृत, डोळे आणि कान तपासून घेऊ."

"कान कशाला?"

"क्वचित एखाद्याला ऐकू कमी यायला लागतं. म्हणून आधी तपासायचं, मग दर वर्षी. मध्ये कधी शंका आली तर त्याच दिवशी मला कळवायचं."

पुढचं मी धड ऐकलंच नाही. मी कपांच्या कारखान्यात कप वाजवते. खरंच, तेच माझं काम. भट्टीतून निघालेला प्रत्येक कप हातात धरायचा आणि लाकडी दांडीने हलकेच टिचकी द्यायची. धड कप टणण् करून गातो. आत केसाएवढी चीर असेल तर नुसतं थप्प. चीर झिलईखाली लपते, डोळ्यांना दिसत नाही, कानालाच कळते. कारखान्यात मला हाकच 'कान' अशी मारतात. "कान आली का?" "आज कान रजेवर आहे." आता कानच गेले तर माझं उरतं काय?

स्वयंपाकघरात नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "भंगारवाल्याला दाखवू या का तुला?" मी उलथनं उगारलं. मग दोघंही हसलो, आणि हसता हसता मला रडू आलं. सासूबाई समोरच मटार सोलत होत्या. त्यांना ऐकू येत नाही, त्यामुळे कानांची भानगड त्यांना कळली नाही हे बरंच झालं. आमच्या तोंडांकडे टकामका बघत होत्या बिचाऱ्या.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

कान तपासायची खोली म्हणजे मोठं कपाटच. जाड दार, आत एक खुर्ची, डोक्यावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मी इतकी घाबरले होते की आवाज यायच्या आधीच दाबत होते. तपासणाऱ्या मुलीने मला दोनदा दटावलं. शेवटी आलेख दाखवून म्हणाली, "ताई, असे कान क्वचितच बघायला मिळतात." मी तरंगतच घरी आले.

रक्त पुन्हा एकदा तपासायचंय, मग औषध.

सासूबाईंचं कानात घालायचं मशीन दोन वर्षं ड्रॉवरमध्ये झोपलंय. आज मला उमाळा आला आणि ओरडून विचारलं, "आई, मशीन घालून बघता का?"

"घालून ऐकू काय?" त्या म्हणाल्या. "तुमची भांडणं? ती मला तोंडावरूनच कळतात."

१२ फेब्रुवारी, गुरुवार

औषध मिळवणं म्हणजे मुलीचं लग्न जमवणं झालंय. चिठ्ठी आहे, सगळे रिपोर्ट चांगले आहेत, पण औषध कुठेच नाही. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने मागवून ठेवतो म्हणून सांगितलं, आणि आज फोन आला म्हणून कामावरून तशीच धावले. तर त्याने मागवलेला डबा काउंटरवर ठेवला आणि माझ्याकडे सरकवलाच नाही.

"नाव तेच आहे, पण ही गिळायची गोळी आहे. तुम्हाला पाण्यात विरघळवायची दिलीये," तो म्हणाला. "दोन्हींचं प्रमाण वेगळं असतं. एकीच्या जागी दुसरी नाही देता येणार."

"अहो, औषध तेच ना? मी विरघळवून घेते की."

"ताई, तुमच्या डॉक्टरीणबाईंना विचारल्याशिवाय मी डब्याला हात लावू देणार नाही."

मला असा राग आला! दोन पायऱ्या उतरून पुन्हा वर चढले, भांडायला. तोवर त्याने दवाखान्यात फोन लावलाही होता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की विरघळणारीच हवी, थांबा. ती शनिवारी येईल. मी भांडण तोंडातच ठेवून परत आले. गोळीच नाही म्हणजे कानांना धोकाही नाही, असं मनात येऊन जरा बरंही वाटलं. हे मी इथेच लिहितेय, बाहेर कुणाला सांगणार नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

श्रीगणेशा झाला. सकाळी उठून रिकाम्या पोटी, काचेच्या पेल्यात पाणी घेऊन गोळ्या टाकल्या. पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायचं, प्यायचं, तळाशी उरलेल्या गाळात पुन्हा थोडं पाणी घालून तोही प्यायचा. मग निदान अर्धा तास काही खायचं नाही. आमच्याकडे चहासुद्धा काचेच्या पेल्यांतूनच असतो. दिवसभर कप वाजवल्यावर घरी कप नजरेसमोर नको वाटतो. सासूबाईंची जुनी तक्रार आहे, "सून कपांच्या कारखान्यात आणि घरात एक कप नाही."

चव खडूची. आयुष्यात पहिल्यांदा शाळेची आठवण तोंडात आली.

सासूबाई समोर खुर्ची ओढून बसल्या, पोलिसासारख्या. शेवटच्या घोटापर्यंत नजर हलवली नाही. मी पेला धुवायला पाठ वळवली तोच मागे खण्णकन् आवाज. दचकून वळले. त्यांच्या हातून चमचा पडला होता. माझ्याकडे बघून अगदी गोड हसल्या.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

पोट बिघडलं. काल दिवसभर नुसत्या फेऱ्या. पूर्वीची मी असते तर गोळी घेऊन कामावर गेले असते, पण डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की जुलाब, उलट्या, ताप असं काही झालं, अंगातलं पाणी कमी झालं, तर मूत्रपिंडावर ताण येतो, आधी फोन. केला. दवाखान्यातल्या सिस्टरने औषध थांबवायला लावलं, भरपूर पाणी प्यायला सांगितलं आणि आज रक्त तपासून घेतलं. सगळं ठीक आहे. आणखी दोन दिवसांनी पुन्हा सुरू करायचं. सासूबाईंनी आपली आम्लपित्ताची बाटली पुढे केली होती. तीही विचारल्याशिवाय नको म्हणाली सिस्टर, तशातली काही औषधं याच्याबरोबर चालत नाहीत. सासूबाई रुसल्या. "आमची बाटली काय विष आहे?"

त्यांच्या हातून आज दोन चमचे पडले. हात थरथरत असावेत. वयच झालं.

४ मार्च, बुधवार

आज कारखान्यात नुसता आनंदीआनंद. भट्टीवाल्या काकांच्या मुलीला चार दिवसांपूर्वी जुळ्या मुली झाल्या! काका एरवी इतके रागीट की भट्टीजवळ कुणी शिंकलेलं चालत नाही. "कप पुरते निवल्याशिवाय दार उघडायचं नाही, त्यांनाही थंडी वाजते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आज तेच काका सगळ्यांना पेढे वाटत फिरत होते आणि फोनवरचा तोच एक फोटो सगळ्यांना दाखवत होते. मला चारदा दाखवला. दोन गाठोडी आणि दोन नाकं, बाकी काही दिसत नाही. मी चारही वेळा "अगदी तुमच्यावर गेल्यात" म्हटलं.

आता रोज काम लवकर आटपून नातींना बघायला जातात. भारी गोड वाटतं बघून. माझ्या टेबलाकडेही हल्ली दुपारी भट्टीच्या बाजूने छान ऊबदार वारा येतो. पाठ शेकत मजेत काम होतं.

१० मार्च, मंगळवार

काहीतरी बिनसलंय.

दुपारी कप वाजवत होते. टणण्, टणण्, थप्प. टणण्, थप्प, थप्प. एवढे बाद कप एका दिवसात कधीच निघत नाहीत. पर्यवेक्षक मॅडम येऊन म्हणाल्या, "आज कान फारच कडक दिसतेय." मी हसले. पण तेच कप पुन्हा वाजवले तरी थप्पच. कप चांगला दिसतोय, झिलई नितळ, कुठे रेघ नाही.

कप तेच, भट्टी तीच, काका तेच. बदललंय काय? मीच. माझ्या पोटात रोज सकाळी एक नवीन औषध जातंय.

१३ मार्च, शुक्रवार

आज अर्धेअधिक थप्प. कान कधी लागतो, कधी जातो, सैल झालेल्या वायरीसारखा. संशयाचे कप वेगळ्या क्रेटमध्ये ठेवले आणि मॅडमना म्हटलं, "सोमवारी पुन्हा बघते, आज डोकं दुखतंय." त्यातले सहा घरी आणलेत. घरच्या शांततेत तरी गातील.

नाही गायले. सहाही थप्प.

डॉक्टरीणबाईंना कळवायला हवं, त्याच दिवशी कळवा म्हणाल्या होत्या. पण कळवलं की त्या तपासणार, आणि तपासलं की ते खरं होणार. इकडे आड, तिकडे विहीर. औषध घेतलं तर कान जाणार, सोडलं तर हृदय. नवऱ्याने विचारलं, "काय झालंय?" म्हटलं, "काही नाही, कपांचा कंटाळा आलाय." त्याने माझी पाठ थोपटली आणि घोरायला लागला.

सासूबाई संध्याकाळी माझ्या पाठीमागे उभं राहून काहीतरी पुटपुटत होत्या. "काय म्हणालात?" म्हटलं तर, "काही नाही गं, देवाचं." आणि पुन्हा तेच गोड हसू. माझा जीव जातोय आणि यांना हसू येतंय!

१६ मार्च, सोमवार

आज औषध बेसिनमध्ये ओतलं. लिहायलाही लाज वाटतेय. ढवळून तयार केलेला पेला हातात होता आणि तोंडापर्यंत जाईना.

वळले तर दारात सासूबाई. बेसिनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ओरडतील वाटलं. त्या जवळ आल्या, हात धरला आणि म्हणाल्या, "माझे कान गेले. मी गेले का कुठे? इथेच आहे ना तुझ्या डोक्यावर बसून?"

कुठचं बोलणं कुठे नेतात! पण हात ऊबदार होता. उद्यापासून घेईन.

१७ मार्च, मंगळवार

आज जे झालं ते लिहिताना हात थांबत नाहीये.

सकाळी माझा औषधाचा पेला हातून निसटून फुटला. बाकी सगळे पेले खरकटे. समोर ते सहा मेले कप होतेच. एकात पाणी घेतलं, गोळ्या टाकल्या, ढवळल्या. तेवढ्यात फोन. दवाखान्यातली सिस्टर, महिन्याच्या रक्ततपासणीची आठवण करून द्यायला. ती बोलकी आहे. एरवी मी वैतागते, पण आज तिने शेवटी सहज विचारलं, "बाकी सगळं बरं ना?" आणि माझा बांध फुटला. थप्प, टणण्, बेसिन, सगळं भडाभडा सांगितलं. ती ऐकत राहिली.

बोलता बोलता कपाकडे हात गेला. टेबल ओलं. कप उचलला तर अर्धा रिकामा. खाली पांढरट पाण्याचं तळं झालेलं, आणि कपाच्या तळातून टप्. पुन्हा टप्.

"सासूबाई!" मी किंचाळले. म्हणजे "आई" म्हणायचं होतं, पण तोंडातून हे निघालं. दारातून त्यांना माझं तोंड दिसलं तशा त्या आल्या, टेबल बघितलं. "तू प्यायचं सोडून टेबलाला काय पाजतेस?"

"आई, कप गळतोय! कप फुटलाय! मी नाही!"

त्यांना काय कळलं देव जाणे, पण उरलेले पाचही कप त्यांनीच ओळीने मांडले आणि काठोकाठ भरले. आम्ही दोघी समोर बसलो, परीक्षेचा निकाल बघावा तशा. एकेका कपाखाली ओलं कडं उमटत गेलं. पहिला, तिसरा, दुसरा. शेवटचा फार वेळ कोरडा होता. मग त्याच्याही पोटाला बारीक घाम फुटला. सासूबाईंनी त्यावर बोट फिरवलं आणि ओलं बोट माझ्या नाकाला लावलं.

मी त्यांना उचललंच. खरंच उचललं. नवरा बुटाची नाडी बांधता बांधता थांबला आणि म्हणाला, "लोकांचा जीव भांड्यात पडतो. हिचा भांड्यातून गळून टेबलावर पडलेला दिसतोय."

फोन चालूच होता. सिस्टर तिकडून हॅलो हॅलो करत होती. तिने डॉक्टरीणबाईंना विचारून पुन्हा फोन केला. सांडलं ते सांडलं, त्याची भर म्हणून आणखी गोळी घ्यायची नाही. आणि शुक्रवारी कान तपासून होईपर्यंत औषध बंद.

"पण कप गळला ना! कान ठीक आहेत माझे."

"कप काय डॉक्टर आहे का?" सिस्टर म्हणाली. "गुपचूप या."

१८ मार्च, बुधवार

मॅडमपुढे संशयाचा सगळा क्रेट पाण्याने भरून दाखवला. सगळे कप रडले. काका धावत आले, बघितलं, आणि त्यांचा चेहरा मातीसारखा झाला. त्यांचं त्यांनाच कळलं. नातींकडे लवकर जायचं म्हणून ते दुपारी भट्टीचं दार चार बोटं उघडं ठेवत होते, लवकर निवावी म्हणून. दाराकडचे कप त्या वाऱ्याने तडकत होते.

तो ऊबदार वारा! आणि मी दोन आठवडे मजेत पाठ शेकत होते.

काका रडायलाच लागले. "मीच सगळ्यांना सांगतो, दार उघडू नका, आणि मीच..." मॅडम आधी खूप बोलल्या. मग म्हणाल्या, "उद्यापासून भट्टी पहाटे लावू, म्हणजे दारही बंद राहील आणि तुम्हीही वेळेत सुटाल. आणि तो फोटो बघू पुन्हा." मी पाचव्यांदा बघितला. आता खरंच एकीचं नाक काकांसारखं वाटतं.

२० मार्च, शुक्रवार

तेच कपाट, तेच बटण. या वेळी आवाज आल्यावरच दाबलं. ठिपके सगळे जुन्याच जागी, एकही खाली सरकलेला नाही.

डॉक्टरीणबाईंनी आलेख बाजूला ठेवला आणि मला असं झापलं की बस्स. "आठवडाभर एकटीने घाबरत बसलात, औषध बेसिनला पाजलंत, आणि मला एक फोन नाही? कान ठीक निघाले म्हणून. नसते निघाले तर?" कानाला खडा लावला. उद्यापासून औषध पुन्हा सुरू.

आज घरी मुद्दाम जिलबी आणली. सासूबाईंना खुणेने सांगितलं, कान पास! त्यांनी डोळे पुसले. मटार सोलताना डोळ्यांत काय जातं कोण जाणे.

९ मे, शनिवार

लोहाचा आकडा उतरला! अजून बराच उतरायचाय, पण पहिल्यांदाच खाली आलाय. मूत्रपिंड, यकृत दोन्ही शहाणी. नवरा म्हणतो, भंगाराचा भाव पडला, आता तुला विकण्यात अर्थ नाही.

मॅडमनी एक कप दिला होता, अव्वल, निळ्या काठाचा. तो सासूबाईंसाठी घरी आणला. त्यांनी उलटापालटा करून बघितला, तळाला बोट लावून ओला आहे का तेही बघितलं. मग स्वतःहून उठल्या, ड्रॉवर उघडला आणि मशीन माझ्या हातात ठेवलं.

"घाल," म्हणाल्या. "ज्या आवाजासाठी हे घर एवढं रडलं आणि हसलं, तो आहे तरी कसा ते ऐकू दे."

नवीन सेल घातला, मशीन बसवलं. आधी त्या फ्रिजच्या घरघरीला घाबरल्या. मग मी कप हातात धरला आणि दांडीने टिचकी दिली.

टणण्.

सासूबाई हलल्या नाहीत. आवाज विरून गेला तरी मान कलती ठेवून बसल्या होत्या. "इतका वेळ वाजतो?" म्हणाल्या. "पुन्हा वाजव." पुन्हा वाजवला. पुन्हा. मग त्यांना काय आठवलं कोण जाणे, त्यांनी टेबलावरचा चमचा उचलला, हात लांब केला आणि फरशीवर सोडून दिला.

खण्णकन् आवाज झाला. त्या जागच्या जागी उडाल्या.

"अगं बाई! एवढा मोठा?"

"मग! रोजच तर पाडता तुम्ही."

त्या ओशाळल्या. "मला वाटायचं, हळूच पडतोय. अगदी बारीक. तू मागे वळलीस की मनात म्हणायचे, चला, आजचा दिवस पोरीचे कान शाबूत."

मी कप टेबलावर ठेवला, कारण हातातून पडला असता. किती दिवस! पोलिसासारखं समोर बसणं, पाठीमागचं ते पुटपुटणं, ते गोड हसू. सगळं त्या पहिल्या दिवशीच त्यांनी आमच्या ओठांवरून वाचलं होतं, आणि मी बिचाऱ्या म्हणत बसले होते. त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं, तर त्या मशीन चाचपत म्हणाल्या, "रडू नकोस गं, आता ऐकू येतंय मला." मग विचारलं, "सकाळी चमचा पाडायचं बंद करू का?"

"नको," मी म्हटलं. "पाडा. फक्त माझं औषध पिऊन झाल्यावर."